चांदीचं कलिल घरी करताना : इलेक्ट्रोडची जुळणी, प्रवाह आणि बिघाड

खटपट्या (धागाकर्ता)

चांदीच्या दोन तारा, डिस्टिल्ड वॉटर आणि ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एवढ्या सामानात चांदीचं कलिल (पाण्यात तरंगत राहणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण) तयार होतं, असं बरेच जण लिहितात. तयार काहीतरी होतं हे खरं, पण नक्की काय आणि किती, हे फारसं कुणी मोजत नाही. मोजून करायचं ठरवलं तर हा विद्युत अपघटनाचा फार चांगला प्रयोग आहे. हा धागा त्या मोजमापासाठी. इथे बनणारं द्रावण पिण्यासाठी नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

माझी मूळ जुळणी अशी :

६०० मिलिचा बोरोसिलिकेट काचेचा बीकर, त्यात ५०० मिलि पाणी. २ मिमी जाडीच्या शुद्ध चांदीच्या दोन तारा, प्रत्येकी १५ सेमी, त्यातल्या १० सेमी पाण्यात. ५ मिमी अ‍ॅक्रिलिकचं झाकण, त्याला ४ सेमी अंतरावर दोन भोकं, म्हणजे तारा समांतर राहतात. तारांची वरची टोकं झाकणावर वाकवलेली आणि मगरचिमटे तिथेच वर. चिमटा कधीही पाण्याजवळ येऊ द्यायचा नाही. त्याच्या लोखंडावरचं निकेल आणि तांबं वाफेच्या थेंबातूनही खाली उतरतं.

हिशेब फॅरेडेच्या नियमाचा. १ मिलिअँपिअर प्रवाह १ तास वाहिला की धनाग्रावरून (अधिकला जोडलेल्या तारेवरून) ४.०२५ मिग्रॅ चांदी सुटते. ५०० मिलिमध्ये १० पीपीएम (लिटरमागे १० मिग्रॅ) हवं असेल तर ५ मिग्रॅ चांदी लागते, म्हणजे २ मिलिअँपिअरला साधारण ३७ मिनिटं. ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात थोडी चांदी ऋणाग्रावर (वजाला जोडलेल्या तारेवर) जाऊन बसते, थोडी तळाशी गाळ होते.

नुसत्या बॅटऱ्या जोडल्या तर हा हिशेब लागतच नाही, कारण प्रवाह स्थिर राहत नाही. १ मायक्रोसीमेन्स वाहकतेच्या (वीज वाहून नेण्याच्या क्षमतेच्या) पाण्यात या मापाच्या जुळणीचा रोध १ लाख ओहमच्या पुढे असतो, त्यामुळे २७ व्होल्टला जेमतेम ०.२ मिलिअँपिअर मिळतो. चांदी सुटत जाते तशी वाहकता वाढते, वाहकता वाढली की प्रवाह वाढतो आणि त्याने चांदी आणखी वेगात सुटते. १० पीपीएमपर्यंत येईतो प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आसपास गेलेला असतो. ‘वीस मिनिटं ठेवा’ छापाच्या कृती फसतात त्या इथेच.

वीजमापे

उत्तम सुरुवात. या प्रयोगात व्होल्टेजला नको तेवढं महत्त्व दिलं जातं. किती चांदी सुटणार ते प्रवाह आणि वेळ ठरवतात. व्होल्टेज फक्त तो प्रवाह ढकलायला पुरेसा हवा. म्हणून पहिली सुधारणा म्हणजे स्थिर प्रवाहाचा स्रोत.

सगळ्यात सोपा उपाय एलएम३३४. तीन पायांचा, ट्रान्झिस्टरएवढा भाग. आर पाय आणि वजा पाय यांच्यामध्ये एक रेझिस्टर लावायचा, बस. २५ अंशाला प्रवाह साधारण ६७.७ मिलिव्होल्ट भागिले तो रेझिस्टर. ६८ ओहमला १ मिलिअँपिअर, ३३ ओहमला २, २२ ओहमला ३. कमाल १० मिलिअँपिअर आणि ४० व्होल्ट, त्यामुळे २७ व्होल्टला निश्चिंत. तापमानाबरोबर याचा प्रवाह दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्यांनी सरकतो, तेव्हा मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून मालिकेत कायम जोडलेला असू द्या.

बॅटऱ्या नको असतील तर ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर आणि एमटी३६०८ हे व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मोड्युल घ्या. ते २८ व्होल्टपर्यंत जातं. २३० व्होल्टची लाइन बल्ब आणि डायोडमधून थेट बीकरमध्ये सोडण्याच्या आकृत्या नेटवर फिरतात. त्या करूच नका. त्यात पाणी, तार आणि हात, तिघंही थेट मेन्सला जोडलेले असतात.

अर्णवी

माझ्याकडे एलएम३१७ हा व्होल्टेज रेग्युलेटर पडून आहे. १.२५ भागिले रेझिस्टर या सूत्राने ६२० ओहम लावून २ मिलिअँपिअर काढता येईल ना?

वीजमापे

कागदावर येतो, प्रत्यक्षात नाही. एलएम३१७ ला नियमन टिकवायला स्वतःलाच किमान प्रवाह लागतो. साधारण ३.५ मिलिअँपिअर, आणि डेटाशीटची हमी १० ची. त्याखाली तो नियंत्रण सोडतो आणि तुम्हाला ठरवल्यापेक्षा जास्त प्रवाह दिसतो. १५ ते २० मिलिअँपिअरच्या कामाला तो ठीक, पण या मापाच्या तारांना एवढा प्रवाह द्यायचाच नाही.

किती द्यायचा? २ मिमी तार १० सेमी बुडाली की पृष्ठभाग सुमारे ६.३ चौसेमी होतो. त्यातला समोरासमोरचा भागच जास्त काम करतो. २ मिलिअँपिअर म्हणजे दर चौसेमीला ०.३ च्या आसपास. या घनतेला द्रावण पाण्यासारखं नितळ राहतं. १ च्या वर गेलात की धनाग्रापाशी चांदीचे आयन आणि ऋणाग्रापाशी हायड्रॉक्सिल इतके दाटतात की दोघांची गाठ पडेल तिथे ऑक्साइडचा गाळ धरतो.

शाल्मली_प

तारेबद्दल लिहिते, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात.

पैंजण, जुनं नाणं, वाटी, चमचा, यातलं काही वापरू नका. ९२.५ टंचाच्या चांदीत उरलेलं ७.५ टक्के बहुधा तांबं असतं आणि तांबं चांदीच्या आधी विरघळतं. पैंजणाला टाके (सांधे जोडणारा मिश्रधातू) असतात, त्यात जस्त आणि कधी कॅडमियमही निघतं. सराफाकडे ‘चोरसा चांदी’ मागा, ९९९ टंचाची. पट्टीवर तसा हॉलमार्क असला तर उत्तम. हुपरी किंवा खामगावसारख्या चांदीच्या बाजारात तार ओढून देणारे कारागीर सहज भेटतात, इतर गावांत ओळखीच्या सोनाराला सांगावं लागतं. १० ग्रॅममध्ये २ मिमीची तार साधारण ३० सेमी निघते, म्हणजे वरच्या जुळणीला अगदी पुरेशी.

कारागिराला दोन गोष्टी बजावून सांगा : आपल्या पट्टीत दुसरी चांदी मिसळायची नाही, आणि डाग द्यायचा नाही, म्हणजे टाका मारायचा नाही. तार पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढतात, त्यामुळे तिच्यावर मेण किंवा तेल आणि लोखंडाचा अंश राहतो. आधी नवीन स्क्रबरने कोरडी घासा, मग गरम पाणी आणि थोडा साबण, मग नळाचं पाणी आणि शेवटी तीनदा डिस्टिल्ड वॉटर. एवढं करूनही पहिला घाणा टाकूनच द्यायचा.

खटपट्या

शाल्मली, टाक्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, धन्यवाद. पाण्याचंही तसंच. पेट्रोल पंपावरचं ‘बॅटरीचं पाणी’ बरेचदा डिस्टिल्ड नसून डीमिनरलाइज्ड असतं. ते चालतं, पण वाहकता तपासून. २ मायक्रोसीमेन्सच्या खाली हवं. साध्या टीडीएस मीटरवर ०, फार तर १. आरओचं पाणी नको, त्यात क्लोराइड उरतं. एसीतून ठिबकणारं पाणी तर मुळीच नको, ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून आलेलं असतं.

मातीचेपाय

सुरुवात लवकर व्हावी म्हणून चिमूटभर मीठ घातलं. दोन मिनिटांत ताकासारखं पांढरं झालं आणि उन्हात ठेवल्यावर जांभळट करडं. हेच कलिल का?

शाल्मली_प

नाही, ते सिल्व्हर क्लोराइड आहे. चांदीचा आयन आणि क्लोराइड भेटले की ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, लगेच साका धरतो. प्रकाशाने त्यातली थोडी चांदी सुटी होते म्हणून ते काळवंडतं, जुन्या फोटोच्या कागदाचं रसायन हेच. मीठ म्हणजे या प्रयोगाचा शेवटच.

सुरुवात वेगात हवी असेल तर आधीच्या घाण्यातलं २० ते ३० मिलि द्रावण नव्या पाण्यात मिसळा. नाहीतर पाणी कोमट करून घ्या. दर अंशाला वाहकता साधारण २ टक्के वाढते.

मिठाचा एक उपयोग मात्र आहे. तयार द्रावणातलं ५ मिलि परीक्षानळीत घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. दुधट झालं तर त्यात आयन आहेत. नितळ द्रावण जवळपास नेहमी दुधट होतं, कारण साध्या जुळणीतून मिळतं त्यात कणरूप चांदी थोडी आणि आयनरूप फार असते. नितळ बाटलीवर ‘कलिल’ लिहिलेलं दिसलं की ही चाचणी करून बघावी.

अर्णवी

एलएम३३४ लावला, २ मिलिअँपिअर स्थिर आहे. तरी ऋणाग्रावर काळपट मऊ लव वाढते आणि मधेच सुटून तळाला जाते. अर्ध्या तासानंतर पाण्यात फिकट करडी झाक दिसते. काय तपासू?

वीजमापे

लव म्हणजे ऋणाग्रावर परत बसलेली चांदी. ती पानाच्या शिरांसारखी फुटत जाते, टोकापाशी विद्युतक्षेत्र तीव्र म्हणून टोकच आणखी वाढतं. सुटून पाण्यात आली की करडेपणा तिचाच. तीन गोष्टी पाहा.

पहिली, ढवळणं. स्थिर पाण्यात आयन धनाग्राजवळच साचतात आणि दाट धारेने ऋणाग्राकडे जातात. कॉम्प्युटरचा ८० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा उताणा ठेवा, त्याच्या मधल्या भागावर दोन निओडायमियम चुंबक विरुद्ध ध्रुव वर करून चिकटवा, पंखा ५ व्होल्टवर चालवा. वर बीकर, बीकरात टेफ्लॉनची चुंबकीय कांडी. भोवरा पडू नये, पाणी फक्त फिरत राहावं. मत्स्यटाकीच्या पंपाचे बुडबुडे सोडू नका. त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात जातो आणि मीटरचे आकडे बिघडतात.

दुसरी, अंतर. २ सेमीच्या आत आणलं तर लव पलीकडच्या तारेपर्यंत पोचून पूल बांधते. ३ ते ४ सेमी ठीक. त्याहून जास्त नेलं तर नुसतं व्होल्टेज वाया जातं.

तिसरी, ध्रुव उलटवणं. दर मिनिटाला अधिक-वजा बदलले की धनाग्रावरचा ऑक्साइडचा थर पुढच्या मिनिटात परत चांदी होतो, लवेला वाढायला वेळ मिळत नाही आणि दोन्ही तारा सारख्या झिजतात.

अर्णवी

ध्रुव बदलायला आर्डुइनोशिवाय काही?

वीजमापे

५५५ टायमर आणि १२ व्होल्टचा दोन-पोल रिले पुरतो. ५५५ अस्टेबल (आपोआप चालू-बंद होत राहणाऱ्या) जोडणीत : वरचा रेझिस्टर १० किलोओहम, खालचा १८० किलोओहम, कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड. हिशेबाने एका बाजूला ६२ सेकंद, दुसऱ्या बाजूला ५९. प्रत्यक्षात कपॅसिटरच्या गळतीमुळे थोडं सरकेल, चालतं. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका.

रिलेच्या दोन्ही कॉमन पिना बीकरच्या तारांना. एका पोलची एनसी (एरवी जोडलेली) पिन अधिकला आणि एनओ (एरवी सुटी) वजाला, दुसऱ्या पोलची बरोबर उलट. एलएम३३४ रिलेच्या आधी, म्हणजे त्याची दिशा कधीच बदलत नाही. रिलेच्या कॉइलचा पुरवठा आणि बीकरचा पुरवठा वेगळे ठेवा.

फार वेगाने उलटवण्यात अर्थ नाही. दोन-चार सेकंदांवर आणलं तर सुटलेली चांदी तारेपासून लांब जायच्या आतच पुन्हा त्याच तारेवर बसते. घड्याळ चालतं, चांदी वाढत नाही.

गणेशखिंड

पट्ट्या वापरल्या तर पृष्ठभाग जास्त मिळेल ना? आणि ऋणाग्र स्टीलचं ठेवलं तर चांदी वाचेल?

शाल्मली_प

पट्टीचा पृष्ठभाग मोठा दिसतो, पण प्रवाह कडांकडे आणि कोपऱ्यांकडे ओढला जातो. लव तिथूनच सुरू होते आणि मधला भाग बहुतेक निवांत असतो. पट्टी घ्यायचीच असेल तर कोपरे गोल करा आणि कडा कानसून घ्या. त्यापेक्षा तार नागमोडी किंवा स्प्रिंगसारखी वळवली तर तेवढ्याच चांदीत पाण्यातली लांबी वाढते आणि टोकही एकच राहतं. ते टोक कानशीने गोल करा. बीकरच्या आतून वर्तुळाकार धनाग्र आणि मध्ये उभं ऋणाग्र ही जुळणी देखणी आहे, पण मधल्या तारेवर प्रवाहाची घनता फार वाढते आणि ध्रुव उलटवले की दोन बाजू असमान वागतात. मला दोन सारख्या समांतर तारांची साधी जुळणीच सर्वांत भरवशाची वाटते.

स्टीलचं ऋणाग्र फक्त एकाच अटीवर : ध्रुव कधीही उलटवायचे नाहीत. स्टील एकदा जरी धनाग्र झालं तरी लोखंड, क्रोमियम आणि निकेल पाण्यात उतरायला लागतात. चांदी वाचवायला म्हणाल तर एका घाण्यात जातात ५ मिग्रॅ. १० ग्रॅमची तार अशा शेकडो घाण्यांना पुरते.

मातीचेपाय

टीडीएस मीटरवर १२ पीपीएम आलं. म्हणजे १२ पीपीएम चांदी?

खटपट्या

नाही. टीडीएस मीटर वाहकता मोजतो आणि ठरलेल्या गुणकाने, बहुधा ०.५ ने, मिठाच्या हिशेबात पीपीएम दाखवतो. योगायोग असा की चांदीचा आयन आणि हायड्रॉक्सिल या जोडीची वाहकता १० पीपीएमला सुमारे २४ मायक्रोसीमेन्स येते, त्याचं अर्ध १२. त्यामुळे आकडा जवळचा वाटतो. द्रावण रात्रभर उघडं ठेवा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हायड्रॉक्सिलचं बायकार्बोनेट होतं. त्याची वाहकता पावपटीच्या आसपास, म्हणून सकाळी मीटर निम्म्यावर आलेला दिसतो. चांदी तेवढीच असते. आणि कणरूप चांदी तर या मीटरला दिसतच नाही.

भरवशाचे मार्ग दोन. एक, प्रवाह गुणिले वेळ. दुसरा, तार कोरडी करून १ मिग्रॅ अचूकतेच्या काट्यावर वजन. एका घाण्यातले ५ मिग्रॅ काट्याच्या चुकीतच हरवतात, म्हणून ध्रुव न उलटवता एकाच धनाग्रावर बरेच घाणे करून मग वजन घ्या. ऋणाग्रावरची लव पुसून तिचंही वजन करा. ती वजा केल्यावर पाण्यात खरोखर किती गेलं ते कळतं.

शिवाय स्थिर प्रवाहाच्या जुळणीत बीकरवरचा व्होल्टेज स्वतःच मीटर आहे. सुरुवातीला तो पुरवठ्याएवढा असतो, आयन वाढतील तसा उतरतो. प्रत्येक घाण्यात दर पाच मिनिटांनी नोंदवा. एखाद्या वेळी तो नेहमीपेक्षा वेगात घसरला तर पाणी किंवा भांडं अस्वच्छ आहे असं समजा.

गणेशखिंड

वेळ वाढवून ५० पीपीएम नेता येईल?

शाल्मली_प

आयनरूपात नाही. चांदीचा आयन आणि हायड्रॉक्सिल सारख्याच प्रमाणात तयार होतात, आणि साधारण १५ पीपीएमच्या आसपास सिल्व्हर ऑक्साइडची विद्राव्यता संपते. त्यापुढे तपकिरी-काळा गाळ. कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर मर्यादा थोडी वर सरकते, एवढंच. म्हणून १० वर थांबावं.

नवखा_७

धागा आवडला. घरात लहान मुलांना वारंवार सर्दी होते, १० पीपीएमचं रोज किती चमचे द्यावं?

शाल्मली_प

एक थेंबही नाही. तुमची काळजी समजते, म्हणून सविस्तर लिहिते. पोटातून घेतलेल्या चांदीचा सर्दीवर किंवा कोणत्याही आजारावर उपयोग होतो असा पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये अशा उत्पादनांना सुरक्षित आणि परिणामकारक मानायला नकार दिला. शरीरात साठलेली चांदी त्वचेत बसते आणि त्वचा कायमची निळसर राखाडी होते, याला अर्जिरिया म्हणतात. मोंटानातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी घरीच असं द्रावण करून प्यायलं आणि त्यांचा रंग तसा झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची रोजची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. १२ किलोच्या मुलाला ती १० पीपीएमच्या ६ मिलिमध्येच गाठली जाते, आणि घरच्या द्रावणात १० आहे की २५ हे तुम्हाला ठाऊक नसतं. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स यांचं शोषणही चांदीने कमी होतं. डोळ्यांत, नाकात, वाफाऱ्यातूनही नको. मुलांना बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

अर्णवी

ध्रुव बदलणारी जुळणी चालली, द्रावण नितळ राहिलं. आता खरं कलिल, म्हणजे पिवळं, कसं मिळवायचं?

शाल्मली_प

आयनांची चांदी करायला क्षपणक, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ हवा आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आवरण हवं. नितळ १० पीपीएमचे ५०० मिलि ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, तारा बाहेर काढून. आधी १ टक्का साध्या जिलेटिनचं कोमट द्रावण २ मिलि ढवळत घाला. मग १० टक्के ग्लुकोजचं १ मिलि. बाजारातली चवीची ग्लुकोज पावडर नको, त्यात इतर क्षार असतात, प्रयोगशाळेचं डेक्स्ट्रोज घ्या. शेवटी निर्जल सोडियम कार्बोनेट १०.६ ग्रॅम १०० मिलि पाण्यात विरघळवून त्यातलं अर्धा मिलि, थेंबाथेंबाने. खाण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ आहे, तो चालणार नाही.

काही मिनिटांत फिकट पिवळा रंग येऊन हळूहळू गडद होतो. कण दहा-वीस नॅनोमीटरचे असले की ते ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून पिवळं दिसतं. नारिंगी-तपकिरीकडे झुकलं तर कण मोठे होताहेत, करडं झालं तर गोळा झाले. कारण बहुधा जिलेटिन कमी किंवा सोडा एकदम ओतलेला. अंधारात हिरवा लेझर आडवा सोडा (डोळे सांभाळून), किरणाची वाट स्पष्ट दिसते. मिठाची चाचणी आता दुधट येत नाही, किंवा अगदी पुसट येते.

वीजमापे

साठवण : तपकिरी काचेची बाटली, प्लास्टिकचं झाकण, अंधारं कपाट, ‘विषारी, पिऊ नये’ अशी चिठ्ठी. तारा दर घाण्यानंतर ओल्या असतानाच कोऱ्या स्क्रबरने पुसा. काळा थर काढायला अमोनिया वापरणारे आहेत. चांदी मिसळलेला अमोनिया साठवला किंवा सुकू दिला तर स्फोटक संयुग तयार होऊ शकतं, म्हणून तो मार्ग नकोच.

टाकून द्यायचं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. चांदीचे आयन पाण्यातल्या जिवांना आणि सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना मारक असतात. नितळ द्रावणात लिटरमागे चमचाभर मीठ घालून एक दिवस ठेवा, साका बसला की फिल्टर पेपरातून गाळा. तो कागद सुकवून बरणीत जमवा. पिवळ्याला मीठ घालूनही लगेच गाळ बसत नाही, जिलेटिन त्याला धरून ठेवतं. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून एखाद्या कॉलेजच्या रसायनशाळेच्या कचऱ्यात द्या.